बदकाच्या पोटातला ब्रेक

मी गाडी बोलतेय. चार दारांची, करड्या रंगाची. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्याच तीनशे जणी रांगेत उभ्या होत्या आणि कुणाला कुणात फरक करता आला नसता. तो फरक पुढे मास्तरांनी केला. त्यांनी मला मिस्त्रीकडे नेलं आणि डाव्या सीटपुढे एक जास्तीचा ब्रेक बसवून घेतला.

तो कसा चालतो ते आधी सांगते. डावीकडचा ब्रेक दाबला की तारेनं ओढला जाऊन उजवीकडचाही खाली जातो आणि मी थांबते. उजवीकडचा दाबला तरी मी थांबते, पण डावा जागचा हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चालवणाऱ्यानं थांबवली. खरं कुणी थांबवली ते मला कळतं.

मास्तर लोकांना गाडी शिकवायचे. नऊ वर्षांत माझ्यावर किती जण शिकले त्याची मोजदाद मी ठेवली नाही. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. माणूस मला पायावरून कळतो. भित्र्याचा पाय समोर काही नसतानाही ब्रेकवर जाऊन बसलेला असतो. एक दाताचे डॉक्टर ब्रेक इतक्या हळुवार दाबायचे की आम्ही थांबायचो ती पुढच्या चौकात. एक वकीलबाई ब्रेक दाबण्याआधी समोरच्याची चूक काय ते पूर्ण सांगायच्या, तोवर मास्तरांनी दाबलेला असायचा. आणि बायको मागे बसली की भल्याभल्यांचा क्लच थरथरताना मी पाहिलाय.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. गाडी शिकवायच्या त्या शाळेचं टेबल ती सांभाळायची. फोन घ्यायचे, अर्ज भरायचे, फोटो चिकटवायचे आणि घाबरलेल्यांना पाणी देऊन सांगायचं, “काही होत नाही हो, मास्तर आहेत ना शेजारी.” तिनं स्वतः मात्र कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. लागलीच नव्हती तशी गरज.

मग मास्तरांचा उजवा डोळा गेला. हळूहळू गेला, पण गेला. डॉक्टर म्हणाले, आता तो परत यायचा नाही. मास्तरांच्या लायसन्सची मुदत दोन महिन्यांवर आली होती आणि पुढे ते मिळणार नव्हतं. नदीपलीकडे वहिनीची आई एकटी राहायची, बरंचसं विसरत चाललेली. दर रविवारी मास्तर वहिनीला तिकडे घेऊन जायचे. एका रविवारी जमलं नाही, तर मुलगी येणार म्हणून म्हातारीनं दिवसभर दार सताड उघडं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं फोनवर सांगितलं, तेव्हा वहिनी टेबलावरचे अर्ज तसेच सोडून बाहेर आली आणि माझ्या उजव्या सीटवर बसली. चोपन्नाव्या वर्षी.

ती तीनदा नापास झाली. तिन्ही वेळा कागदावर शेरा एकच, ‘ब्रेक उशिरा’.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. समोर काही आडवं आलं की मास्तरांचा पाय आधी पडायचा. वहिनीला आपल्या तळव्याखालचा ब्रेक आपोआप खाली गेलेला जाणवायचा, आणि मग ती त्यावर पाय टेकायची. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. संसारही असाच चालला होता. परीक्षेत डावीकडे परीक्षक साहेब पाय आखडून कागद सांभाळत बसायचे, आणि वहिनीचा पाय आपला वाट बघत राहायचा.

“अगं, तुझा तू दाब ना,” मास्तर म्हणायचे.

“दाबतेच की. तुम्ही आधी दाबता.”

“तू उशीर करतेस म्हणून.”

“तुम्ही घाई करता म्हणून.”

हा वाद चौकापासून घरापर्यंत पुरायचा. घरी पोचल्यावर दोघंही चहा प्यायची.

चौथी परीक्षा एका मंगळवारी होती. या खेपेलाही जमलं नाही तर मला कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला देऊन टाकायचं, असं ठरलं होतं. तो तर पावाचे ट्रे आणून माझ्या डिकीत बसतात का तेही बघून गेला होता. मला त्याचं सुखदुःख नव्हतं. चाकांना सगळे रस्ते सारखे, आणि पावाचा वास तसा वाईट नाही. पण बेकरीवाला ट्रे लावून बघत होता तेव्हा वहिनी खिडकीतून बघत होती, आणि त्या दिवशी तिनं फोन उचलला नाही.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी शहराचा वाढदिवस होता. आमच्या शहरात त्या दिवशी मोठी मिरवणूक निघते आणि प्रत्येक गल्ली एकेक वाहन सजवून आणते. आमच्या गल्लीचा नेहमीचा ट्रक ऐन वेळी बिघडला, म्हणून सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मला काय बनवायचं यावर शाळेच्या ऑफिसात दोन तास चर्चा झाली. शेवटी शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे कुठल्याशा हॉटेलानं न नेलेलं पडद्याचं पांढरं कापड पडून होतं, म्हणून बदक ठरलं. कापड निळं असतं तर मी देवमासा झाले असते.

पुढचे तीन दिवस मी सुताराच्या शेडमध्ये होते. आधी मला धुतलं, मग रंगाला डाग पडू नये म्हणून अंगभर कागद चिकटवला. त्यावर कामट्यांचा सांगाडा आला, सांगाड्यावर कापड. बोनेटवर लांब मान उभी राहिली. नारिंगी प्लास्टिकच्या दोन टबांची चोच झाली आणि दोन पातेल्यांच्या झाकणांचे डोळे. काचेवरही कापड आलं. चालवणाऱ्याला बघायला तेवढी वीतभर जाळी ठेवली. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सूचना करायचा आणि काम न करता पुढे जायचा. नऊ वर्षं ज्या गाडीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तिचे आता फोटो निघत होते. मला गुदगुल्या वगैरे झाल्या नाहीत. उकडत मात्र होतं.

मास्तरांनी एकच हट्ट धरला. शिकाऊ चालकाची लाल पाटी पुढून दिसलीच पाहिजे.

“बदकाच्या छातीवर पाटी?” ताईंनी कपाळाला हात लावला.

“नियम आहे. आणि बदकही शिकाऊच समजा.”

पाटी लागायचं कारण म्हणजे मला वहिनीच चालवणार होती. एका डोळ्यानं त्या जाळीतून बघणं मास्तरांना जमण्यासारखं नव्हतं. बाकी सगळ्यांना बाहेर नाचायचं होतं. बदकाच्या पोटात घामाघूम व्हायला कुणी तयार नव्हतं. “पहिला गिअर, चालण्याचा वेग आणि शेजारी मी,” मास्तर म्हणाले. “काही होत नाही.” स्वतःचंच वाक्य परत ऐकून वहिनी हसली.

आता सुताराबद्दल सांगायला हवं. तो आपल्या कामाला फार जपणारा माणूस. कुणाच्या वस्तूला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, सगळं पाचरीवर पेलायचं, ही त्याची रीत. डावा पंख जड झाला आणि लोंबायला लागला, तेव्हा त्यानं एक जाड फळी डाव्या खिडकीतून आत घातली, तिरकी खाली उतरवली आणि टेकवायला जागा शोधली. जागा त्याला झकास मिळाली. डावीकडच्या ब्रेकखाली फळीचं टोक सरकवून त्यानं वरून दोन पाचरी ठोकल्या. मास्तरांनी पाय ठेवायला काहीतरी करून घेतलंय, असं तो समजला. गाडीला दोन ब्रेक असतात हे त्याला कोण सांगणार? तो आयुष्यभर सायकलवरून फिरला.

“एक भोक नाही पाडलं गाडीला,” तो सगळ्यांना सांगत होता. “हत्ती बसला तरी पंख हलायचा नाही.”

रविवारी सकाळी मास्तर उजव्या दारानं आत शिरून डावीकडे सरकले, कारण डावं दार पंखाखाली गेलं होतं. त्यांच्यामागून वहिनी बसली. ताईंनी दारावर कापड ओढून बाहेरून टाके घातले. बँड सुरू झाला. आणि तेव्हा मास्तरांनी सवयीनं ब्रेकवर पाय ठेवून दाबून पाहिला.

तो हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मग टाचेनं दाबला. मग अंधारात वाकून हात लावून बघितलं. फळी, पाचर, पुन्हा फळी.

“काय हो?” वहिनीनं विचारलं.

“काही नाही. बूट काचतोय,” मास्तर म्हणाले.

त्यांना ओरडता आलं असतं. टाके उसवले असते, मिरवणूक दहा मिनिटं खोळंबली असती आणि वहिनी खाली उतरली असती ती कायमचीच. का ओरडले नाहीत ते मी सांगू शकत नाही. मला पाय कळतात, मन नाही. एवढं खरं की त्यांनी आपला उजवा पाय त्या मुक्या ब्रेकवरून उचलला आणि बाजूला, रबरी मॅटवर ठेवला.  नऊ वर्षांत शिकवताना तो पाय ब्रेकवरून कधी उतरलेला मला आठवत नाही.

आम्ही निघालो. मंडईच्या रस्त्यानं वहिनी छान गेली. हळू चालवणं तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. आमच्या पुढे बँडवाले होते आणि त्यांच्यात सगळ्यात मागे मोठा ढोलवाला. लोक बदकाला टाळ्या वाजवत होते, पाटी वाचून हसत होते. मास्तर म्हणत होते, “छान. छान. बघ पुढे.” प्रत्येक ‘छान’ला मॅटवर पाय दाबला जात होता.

पुलाकडे जाणाऱ्या उतारावर ढोलवाल्याच्या ढोलाचा पट्टा तुटला. ढोल त्याच्या पायाशी पडला आणि तो उचलायला ढोलवाला आमच्यासमोर चटकन खाली बसला. जाळीतून वहिनीला आधी त्याची पाठ दिसत होती, आता काहीच दिसेना. दिसली ती फक्त टोपी, तीही अगदी जवळ.

मास्तरांनी मॅट दाबली. सगळा जीव एकवटून दाबली. पण मॅट दाबून मी थांबत नाही.

वहिनीचा पाय नेहमीसारखा वाट बघत होता, ब्रेक खाली जाण्याची. तो गेला नाही. मी घरंगळत होते. एक क्षण गेला, अर्धा आणखी गेला, आणि मग तिचा पाय असा पडला, की नऊ वर्षांत तसा ब्रेक माझ्यावर कुणी मारलेला नाही. मी जागच्या जागी खिळले. बदकाची मान मात्र पुढे झुकली आणि चोचीनं ढोलवाल्याच्या टोपीवर टकटक केलं. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय. केवढ्या टाळ्या पडल्या! ढोलवाल्यानं उठून बदकाला सलाम ठोकला.

आत वहिनीचा श्वास लागला होता. “दाबलात ना?” ती म्हणाली. “बरं झालं.”

मास्तरांनी मॅटवरचा पाय सैल केला. मग म्हणाले, “हं.”

मैदानात पोचल्यावर ताईंनी टाके उसवले. दोघं घामानं चिंब होऊन बाहेर आली. कुणीतरी वहिनीच्या हातात पाणी दिलं. सुतार पंख उतरवायला लागला, तर फळी निघेना. त्यानं मोगरीचे घाव घालत घालत पाचर सैल केली. वहिनी पाणी पीत ते बघत होती. मग तिनं पिणं थांबवलं.

“ही कधीपासून आहे इथे?” तिनं विचारलं.

“काल दुपारपासून,” सुतार कौतुकानं म्हणाला. “बघा, तसूभर हलली नाही.”

वहिनीनं फळीकडे पाहिलं, तिच्यावर अडलेल्या ब्रेककडे पाहिलं आणि मग मास्तरांकडे.

“म्हणजे मघाशी उतारावर…”

“तू,” मास्तर म्हणाले. “मी नुसती मॅट दाबत होतो.”

 वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं न पुसता तसंच राहू दिलं. मग ती सुताराला म्हणाली, “ती पाचर पुन्हा ठोका. फळी वर तोडून टाका हवी तर, पण खाली राहू दे. मंगळवारपर्यंत.”

“अहो वहिनी, उद्या मला ती कपाटाला लागायची आहे.”

“दुसरी शोधा.”

रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी दिवसभर आम्ही गल्लीगल्लीतून फिरलो. माझ्या अंगावर अजून गोंदाचे डाग आणि डावीकडे फळीचा थोटका तुकडा. मंगळवारी सकाळी सुतारानं तो काढला. परीक्षा झाल्यावर परीक्षक साहेबांनी कागदावर सही केली आणि विचारलं, “या वेळी ब्रेक कुणी शिकवला?”

“सुतारानं,” वहिनी म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही नदीपलीकडे गेलो. म्हातारीनं आपल्या मुलीला ओळखलं नाही, पण गाडीचं कौतुक केलं. वहिनी दर रविवारी जात राहिली, अगदी म्हातारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत.

शाळा बंद झाली तेव्हा मिस्त्रीनं माझा डावा ब्रेक काढून नेला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. आज मी दारात उभी आहे, धुऊन पुसून. वहिनीचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि बेकरीवाल्याला ट्रे न्यायला अजून गाडी हवीच आहे. मघाशी तो मला तपासत होता. डावीकडची रबरी मॅट बघून त्यानं नाक मुरडलं. मॅटला टाचेएवढं भोक पडलंय, खालचा पत्रा चकचकीत दिसतो.

“इथं काय ठेवत होता?” त्यानं विचारलं. “ही बदलून टाकतो.”

मास्तर ओशाळले. ते काही बोलणार, तोच वहिनी म्हणाली, “बदलू नका. ब्रेक आहे तो.”

बेकरीवाल्याला कळलं नाही. त्याला कळायचं कारणही नाही. अकरा वर्षं प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर मास्तरांचा पाय तिथे पडत होता आणि मला वहिनी थांबवत होती. मी काही कुणाला सांगितलं नाही. वाचकहो, तुम्हालाही आज सांगतेय ते इथून निघायची वेळ आली म्हणून. पण दर वेळी मी थांबले, की वहिनी पुढे बघत म्हणायची, “दाबलात ना? बरं झालं.”

आणि मास्तर म्हणायचे, “हं.”