एक वाजून सात मिनिटे

नवापूरच्या त्या पोल्ट्रीतला जुना प्रोग्राम थरांनी रचलेला होता: तळाशी साठवण, मध्ये नियम, वर स्क्रीन. दर पाच मिनिटांनी तो प्रत्येक शेडला तापमान विचारी. उत्तर आले नाही, तर भोंगा वाजवी. तो उगाच वाजतो, दर वेळी जनरेटर लावला जातो आणि डिझेल फुकट जळते, म्हणून मालक भूपेशभाऊ वैतागले होते; नवा प्रोग्राम करायला त्यांनी मला बोलावले.

मी प्रवाहाची रचना आणली. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. सेन्सर सांगत राहतात, आणि वाहत्या सांगण्यातच निर्णय घडतो. दोन्ही पद्धतींची तुलना मी चार पानांत मांडली. जुन्याला मी ‘मृत’ हे विशेषण वापरले होते.

पक्षी सांभाळणारे उखादादा दारातच उभे होते. "भाग्येशभाऊ, आनि कोन्हीच बोलनं नही ते?"

"तीस सेन्सर शेतस, दादा. एक तरी बोलीच."

भूपेशभाऊ हसले. "तुमना घरमा ते बायको एकलीच शे. ती तरी कधी गप बसनी का?"

त्याच दिवशी नियम ठरला: अलार्म आल्याशिवाय जनरेटर लावायचा नाही.

मे महिन्यात, दुपारी एक वाजून सात मिनिटांनी लाईट गेली आणि शेडमधले पंखे थांबले. परतताना लाईट झटका देते, वस्तू जाळते. म्हणून आमच्याकडे लाईट जाताच माणसे आधी प्लग काढतात. उखादादांनी सेन्सरच्या पेटीचा प्लग काढला. पेटीच्या बॅटरीचे बटणही मायेने बंद केले.

पाऊण तासाने त्यांचा फोन आला. "भाऊ, पक्षी चोच उघडी ऱ्हायनात. जनरेटर लावू का?"

मी नंदुरबारला होतो. मोबाइलवर पाहिले: पस्तीस अंश, हिरवा रंग.

"थांबा. अजून काही नही."

माझ्या रचनेत काळ संदेशांच्या पावलांनी चालत असे. संदेश थांबले, तेव्हा तिथला काळही एक वाजून सात मिनिटांवर उभा राहिला, आणि त्या गोठलेल्या क्षणात सारे पक्षी सुखरूप होते. पत्र्याखाली मात्र दुपार पुढे सरकत होती.

संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा जेसीबी खड्डा खणत होता. शेडमधले आठ हजार पक्षी पांढऱ्या, मऊ ढिगांत पडले होते.

"पेटी कोनी बंद करी?" भूपेशभाऊंनी विचारले.

"मी," उखादादा म्हणाले. "जळी जाई म्हनीसन."

"मंग जनरेटर तरी लावाना व्हता! डोया नही का तुमले?"

उखादादांनी माझ्याकडे पाहिले नाही. फोनचा उल्लेख त्यांच्या ओठांवर आला नाही. मी वाट पाहिली; आधी त्यांच्या बोलण्याची, मग माझ्या स्वतःच्या.

"उद्यापाइन येऊ नका," भूपेशभाऊ म्हणाले.

उखादादांनी मान हलवली, आणि चुन्याची पाटी उचलून खड्ड्याकडे वळले. थोड्या वेळाने मीही दुसरी पाटी उचलली. आम्ही चुना टाकत राहिलो.