घरणीचा ठिपका

नांदेडला रेणुकादास सरांच्या खोलीत मराठवाड्याचा नकाशा टांगलाय. सीनिस नावाची मेफ्लाय या पाणकिड्याची प्रजाती जिथं सापडली, तिथं लाल ठिपका. गोदावरीकाठी चौदा. लातूर कोरं.

"तिकडं नाहीच ती," सर गेल्या वर्षी म्हणाले होते.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळला घरणी नदीत धुण्याचा दगड उलटला की खाली तीच. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तीन शेपट्या, पोटावर चौकोनी झाकण, जणू पदर खोचलाय. पंख फुटल्यावर एक दिवसही पुरता मिळत नाही बिचारीला, तेवढ्यात संसार उरकते. माझी शाळा नववीपर्यंत. लेक ऋतुजा सरांची जुनी विद्यार्थिनी. तिची पुस्तकं वाचून मी हिला ओळखायला शिकले.

गेल्या वर्षी नऊ बाटल्या नेल्या होत्या. ठिकाण, तारीख बॉलपेननं लिहून चिठ्ठ्या आत स्पिरिटात सोडल्या. नांदेड येईपर्यंत स्पिरिट निळं, चिठ्ठ्या कोऱ्या.

सर हसले. "कुठल्या नदीचा ते आता हा किडाच सांगणार का?"

या वर्षी पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरले. पुन्हा नऊ बाटल्या. चिठ्ठ्या पेन्सिलीनं.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला. "सीनिसच आहे," शेवटी म्हणाले. "देऊ ठिपका. चिठ्ठीवर संकलकाचं नाव तेवढं राहिलंय. ऋतुजाचं टाकू. एमएस्सी आहे, बरं दिसतं."

"ऋतुजा पुण्यात हाय, सर. तिनं ह्या पाण्यात पायसुद्धा घातला न्हाई."

"अहो, लोक विचारतील, ही सिंधु कोण?"

"विचारू द्या की. नदीवर या म्हणावं, दाखवते."

"आणि शिक्षण काय सांगू?"

टेबलावरचा त्यांचाच छापील तक्ता मी पुढं सरकवला. "ठिकाण, तारीख, संकलक. शिक्षणाचा रकाना कुठाय ह्यात?"

सरांनी तक्ता बाजूला सारला. मी एकेक बाटली पिशवीत भरायला लागले. "राहू द्या मग लातूर कोरं. किड्याला काय फरक पडत न्हाई. मला पडतो."

सातवी बाटली आत गेली तेव्हा सर उठले. "थांबा हो, ऋतुजाच्या आई. काढा त्या बाहेर. लिहा तुमचंच नाव." आणि खिशातला बॉलपेन माझ्यापुढं धरला.

"ठेवा तो तुमच्यापाशीच," म्हटलं, आणि अंबाड्यात खोवलेली पेन्सिल काढली.

नऊ चिठ्ठ्यांवर नऊ वेळा लिहिलं, दाबून: सिंधु बजरंग बिरादार.