बॉयलरच्या नळीचं बूच

बसा, टेका पाठ भिंतीला. ठिगळ्याच्या घरचा बॉयलर गळायला लागला, त्याची गोष्ट सांगतो. सुरुवातीला हसाल, तर हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

ठिगळ्या म्हणजे आपला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. सायकलची असो नाहीतर ट्रकची, ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की ठिगळ मारायचं. कुठं गळती दिसली की याचे हात शिवशिवतात.

त्याच्या न्हाणीघरात भिंतीवर बॉयलर. बॉयलरच्या बुडाशी करंगळीएवढी पितळी नळी. एका सकाळी तिच्यातून थेंब पडायला लागले, तेही चांगले कढत. फरशी सगळी ओली. आणि घरात पोरगी, पाय प्लास्टरमध्ये. अशाच ओल्या फरशीवर घसरून मोडलेला.

बायकोनं आपल्या भावाला फोन लावला. तो प्लंबर. तो म्हणाला, "संध्याकाळी येतो. तोवर बटण बंद ठेवा. आणि दाजींना म्हणावं, हात लावू नका, ती ट्यूब नाही."

झालं, ठिगळ्याच्या नाकाला मिरची झोंबली.

"ऐकलंस? ट्यूब नाही म्हणे."

"अहो, बरोबरच म्हणतोय तो. थांबा की संध्याकाळपर्यंत."

"आणि तोवर पोरगी परत घसरली म्हणजे? अगं, पळती हवा धरून ठेवतो मी. पाण्याला घाबरू?"

घाबरत होता, बरं का. तोंडानं बोलत होता, पण स्टुलावर चढून बराच वेळ त्या नळीकडं नुसता बघत होता. बोट लावलं, चटका बसला, बोट तोंडात घातलं. नको म्हणावं, असं एकदा ओठावर आलं होतं. तेवढ्यात बाहेरून पोरगी हसत ओरडली, "बाबा, आंघोळ मिळणार का आज? की बॉयलरला पण प्लास्टर घालताय?"

त्या हसण्यानं घात केला. जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, घट्ट बूच केलं, नळीत ठोकलं, वरून क्लॅम्प आवळला. थेंब बंद. फरशी पुसली, बटण लावलं, आणि बायकोकडं असं बघितलं की जणू धरण बांधून आलाय.

पाणी तापलं. पोरीनं पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली, बादली भरून घेतली, बरोबर बॉयलरखाली स्टूल ओढलं आणि आतून कडी घातली. आत गुणगुणणं सुरू झालं. ठिगळ्या बाहेर हात पुसत उभा.

आणि त्यानं आवाज ऐकला. कुर्रर्र.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. ट्रकच्या चाकात हवा जास्त झाली की टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग उडण्याआधी अशीच कुरकुरते. एकदा उडालेली रिंग त्यानं बघितली होती. दुकानाचं पत्र्याचं छप्पर फाडून गेली होती. तेव्हापासून हवा भरताना चाकासमोर तो कधी उभा राहिला नाही, गिऱ्हाइकालाही उभं राहू दिलं नाही. आणि आज आपल्या हातानं पोरीला तिथं बसवली होती.

परत कुर्रर्र. दाराबाहेरच्या बटणावरचा लाल दिवा अजून जळतच होता. पाणी तापलं की तो विझतो, एव्हाना विझायला हवा होता.

त्यानं आधी बटण पाडलं, मग मेन स्विच. वीज गेली, पण बॉयलरमध्ये कोंडलेला जोर थोडाच जातोय?

"बाहेर ये," तो म्हणाला.

"साबण लागलाय, बाबा."

"साबणासकट ये. टॉवेल गुंडाळ आणि ये."

"अहो, काय झालं?" बायको धावत आली.

खरं बोलायला जीभ रेटेना. "करंट येतोय पाण्यात. नळाला हात लावू नकोस. नुसती दाराकडं सरक."

आत गुणगुणणं थांबलं. प्लास्टर फरशीवर आपटलं, ठक. मग काहीच नाही. मग ठक. कडी साबणाच्या हातातून निसटत होती. मधूनच वरचं कुरकुरणं. ठिगळ्या दाराला कपाळ टेकून उभा. दार तोडावं तर पोरगी दाराला लागूनच.

कडी निघाली. त्यानं तिला ओल्या अंगानं उचलली ती थेट रस्त्यापलीकडं नेली. बायकोला म्हणाला, "घरात पाऊल टाकायचं नाही." शेजारणीनं चादर दिली. तिघं भिंतीला लागून बसले आणि घराकडं बघत राहिले. पोरगी काकडत होती. ठिगळ्या तिच्याहून जास्त.

शेजारणीच्या फोनवरून कळवलं, तसा मेहुणा हातातलं काम टाकून आला. बॉयलर पार गार होईपर्यंत त्यानंही कुणाला आत जाऊ दिलं नाही. मग एकटा आत गेला. थोड्या वेळानं त्यानं ठिगळ्याला हाक मारली. तळहातावर रबराचं बूच.

"दाजी, ही नळी गळत नव्हती. पाणी तापलं की वीज तोडणारा आतला काटा अडकलाय, त्यामुळं पाणी तापतच राहत होतं. जादा जोर ती बाहेर सोडत होती."

"बोल तू," ठिगळ्या म्हणाला. "काय बोलायचं ते बोल आज."

मेहुण्यानं मूठ मिटली. बूच खिशात टाकलं. बाहेर भाचीनं विचारलं, "मामा, काय झालं होतं?"

"वायर जळली होती," तो म्हणाला. "तुझ्या बापाला वेळेवर कळलं."

तिचा पाय आता बरा झालाय. हल्ली दुकानात गल्ल्यावर तीच बसते. उद्या तुम्ही चाक घेऊन तिकडं जाल, तेव्हा एवढं करा: तिच्यासमोर बॉयलरचा विषय काढू नका.