गिरधरची सव्वा मूठ

“हाई बठ्ठं ढोंग शे!” अभिमनआबा ओसरीत असे काही गरजले की हेमलताच्या हातातला चहा हिंदकळून सांडला. “अटॅक म्हणे! मंग पंधरा दिनमा उभी कशी राहनी?”

आबा हेमलताचे मोठे काका. त्यांच्यापुढे तिचे वडील खाली मान घालून बसलेले, नेहमीसारखे. नुकतीच उठू-बसू लागलेली आई, प्रमिलाबाई, आत अंथरुणावर टेकून सगळं ऐकत होती.

हेमलताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोण ढोंगी? श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. मेलेल्याच्या नावाने काढत नाहीत. आणि पंधरा दिवसांपूर्वी गहू मोजताना आबांनी तिच्या सख्ख्या भावाची, गिरधरची, मूठच गाळली. का? तर त्याने सुरतला परजातीतली मुलगी केली! “तो आमनासाठे मरी गया,” आबा म्हणाले, आणि आई छाती धरून गव्हाच्या परातीवरच कोसळली.

धुळ्याला ईसीजी थेट अटॅकचाच निघाला. नाशिकला तपासलं, तर रक्तवाहिन्या मोकळ्या! तिथले डॉक्टर म्हणाले, “असं क्वचितच होतं. मोठा धक्का बसला की हृदयाचं टोक फुगतं, नीट आकसत नाही. जिवावरही बेतू शकतं. पण सांभाळलं तर काही आठवड्यांत पूर्ववत होतं.”

आबांना त्यातलं ‘रक्तवाहिन्या मोकळ्या’ एवढंच ऐकू आलं.

आईच्या आजारपणामुळे कानबाईचा सण श्रावणातल्या शेवटच्या रविवारावर गेला होता. आज आबा पुन्हा गहू मोजायला बसले. स्वतःची, भावाची, मुलगा लीलाधरची मूठ काढली आणि हात झटकले.

“गिरधरची राहिली,” हेमलता म्हणाली.

“गप बस, पोरी.”

“नाही बसणार! दादा धडधडीत जिवंत आहे. तुम्ही त्याला मारलंत म्हणून आईचं काळीज फुगलं. आता पुन्हा मारायचंय का?” तिने गव्हात हात खुपसला आणि गच्च मूठ परातीत टाकली.

“पोरीसनी रोटना गहूले हात लावाना नही! मी ह्या रोट खावाव नही!”

“नका खाऊ, आबा.”

सगळे वळले. थोरल्या दिरांपुढे जन्मात तोंड न उघडलेली आई दाराची चौकट धरून उभी होती. ती हळूहळू परातीपाशी येऊन बसली.

“हेमा, सव्वा लागते,” ती म्हणाली, आणि वरची पाव मूठ तिने स्वतःच्या हाताने घातली.