परड्यातला बाले

फणसाच्या झाडामागची परड्यातली जागा लुह सुआस्तीनं स्वतः साफ केली. केळीचे जुने बुंधे उपटले, डुकरांचा मोडका गोठा पाडला. तिला तिथे बाले हवा होता: उंच जोत्यावरचा, चार खांबांचा, गवती छपराचा उघडा मंडप. मागाला पूर्वेचा उजेड मिळावा, एवढंच. अठरा वर्षं ती स्वयंपाकघराच्या धुरात विणत होती. कापड विकून जमलं ते तिनं लाकडात घातलं. कॅलेंडरच्या पाठीवर नकाशाही तिनंच काढला होता.

सुतार रुबाग आले. म्हातारे होते, सगळं गाव त्यांना पेकाक, म्हणजे आजोबा म्हणायचं. बाले मालकाच्या अंगाच्या मापानं बांधायचा असतो, म्हणून त्यांनी बांबूची पट्टी काढली नि म्हणाले, "पसर गं हात."

तिनं हात पसरले, तोच ओट्यावरून बापाचा आवाज आला. "थांबा पेकाक. माप कोमांगचं घ्यायचं."

"बापा, कोमांग तिकडे शहरात, देनपसारला असतो. इथे बसणार मी आहे."

"बसणारा निराळा, मालक निराळा. घर मुलाचं असतं."

"आणि लाकूड कुणाचं?"

"लाकडावर नाव लिहितात होय?" बाप म्हणाला. "तू परक्या घरी गेली नाहीस, म्हणून काय घरधनी झालीस?"

पेकाकनी पट्टी गुंडाळली. त्यांना तिच्याकडे बघवेना. "रविवारी येतो," एवढंच पुटपुटले.

रविवारी धाकटा भाऊ कोमांग आला. फोनवर बोलता बोलताच त्यानं मापासाठी हात पसरले, मूठ वळून दाखवली, जेवला आणि गेला. उजेड तर मिळेल, अशी सुआस्तीनं मनाची समजूत घातली. तीन महिने ती कामकऱ्यांना भात-कॉफी देत होती. खांब उभे करताना बुंध्याकडची बाजू खाली आहे ना, हे तीच बघायची. छपरासाठी गवताच्या पेंढ्या डोक्यावरून तिनंच वाहिल्या.

वास्तूच्या पूजेला कोमांग सहकुटुंब आला. तिनं दोन दिवस खपून नैवेद्याच्या परड्या विणल्या होत्या. पुजारी नि पूजेला आलेले पाहुणे गेल्यावर कोमांगनं बालेभर चक्कर मारली.

"म्बोक," थोरल्या बहिणीला तो अशीच हाक मारायचा, "छान झालंय हं!" "भिंती घातल्या, मागे न्हाणी काढली की पाहुणे ठेवता येतील. परदेशी लोकांना अशीच जागा लागते."

"आणि माग?"

"माग काय, कुठेही राहील. स्वयंपाकघर आहे की! आणि त्यांची न्याहारी तूच कर. तुझ्या हातचं सगळ्यांना आवडतं."

सुआस्तीनं बापाकडे पाहिलं. तो पानाला चुना लावत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं, बापा?"

"ओरडतेस कशाला? पाहुण्यांसमोर शोभा नको."

"पाहुणे गेलेत बापा. आता घरचेच उरलेत."

दुसऱ्या दिवशी तिनं माग सोडवला, हातगाडीवर घातला आणि पलीकडच्या गावी मैत्रिणीच्या पडवीत नेऊन मांडला. तीही तिथेच राहिली. तिसऱ्या आठवड्यात शेजारीण सांगत आली: बापा धड जेवत नाहीत, कोमांगला यायला सवड नाही.

सुआस्ती परत आली. माग मात्र तिथेच ठेवला. पहाटे बापाची पेज करून ती पाऊण तास चालत विणायला जायची, दुपारी परतायची. परड्यात भिंती उठल्या, तिनं तिकडे पाहिलं नाही.

पहिले पाहुणे यायच्या आदल्या दिवशी म्हातारा बालेवर, दारातच जाऊन बसला. "लुह, वर ये गं. कसा वारा लागतोय बघ."

"भात तिथे आणून देते, बापा. पण वर चढणार नाही."

"किती दिवस धरून बसणार आहेस?"

तिनं ताट कडेला ठेवलं आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती खालीच उभी राहिली. म्हातारा तिच्याकडे पाठ करून जेवू लागला.