मधली कमान

एल्डनचा दगडी पूल कैद्यांनी बांधला आणि थियाच्या बापानं बिघडवला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टास्मानियात असे पूल आणखीही आहेत, पण इथल्या कडेच्या दोन कमानींचे दगड पापुद्रे सुटून नदीत गळत होते. जुना दगड चुन्याच्या दरजांतून ओल बाहेर टाकतो. डागडुजीच्या वेळी तिच्या बापानं, कॉलिन पायबसनं, त्या दरजा सिमेंटनं लिंपल्या आणि ओल दगडातच कोंडली. मधली कमान तेवढी ठणठणीत, कारण ती त्याचा भागीदार डेस गेटहाउस यानं चुन्यात भरलेली. असं डेसच सांगायचा.

पुढे कॉलिनला कुणी कुंपणाची भिंतसुद्धा बांधायला दिली नाही. थियाला मात्र डेसनं हाताशी धरलं, पाथरवट केलं. तिनं गाडीवर ‘गेटहाउस’ रंगवून घेतलं आणि बापाशी बोलणं टाकलं. बाप त्यातच गेला. आता पुलाचं काम तिच्याकडे होतं. शनिवारी डेसचा सत्कार ठरला होता आणि त्याच्या नावाची पाटी कुठे लावायची, हे बघायला समितीची मंडळी वर रस्त्यावर जमली होती.

थिया नदीपात्रात परांचीवर उभी राहून मधल्या कमानीची दरज उकरत होती. खाली खुर्ची टाकून डेस चहा पीत बसला होता.

“अगं बये, ती कशाला खरवडतेस? म्हाताऱ्यावर विश्वास नाही वाटतं!”

“नमुना घेतेय, काका. तुझ्यासारखा चुना मला कुठला जमायला!”

छिन्नीबरोबर चुन्याचा खडा निघाला. त्यात अर्धवट भाजलेल्या शिंपल्यांचे तुकडे होते. थियाचा हात थांबला. शिंपले भाजून चुना करणारा वेडा गावात एकच होता. लहानपणी रविवारी त्याच्याबरोबर किनाऱ्यावर शिंपले वेचताना तिची बोटं कापायची, आणि डेस मात्र पोत्यातला चुना आणून कॉलिनला हसायचा. ती खाली उतरली.

“ही कमान बाबांची आहे.”

डेसनं कप खाली ठेवला. “हिवाळा तोंडावर आला होता, थिया. कॉलिन एका कमानीला महिना लावायचा. मी दोन उरकून टाकल्या. तेव्हा सगळेच सिमेंट वापरायचे.”

“आणि नाव बाबांचं पुढे केलंस.”

“तुला पोटच्या पोरीसारखं शिकवलं ना? काही कमी केलं?”

“बाबा गप्प कसे बसले?”

“गप्प कुठला! पबमध्ये ओरडला, कुणी ऐकलं नाही. तुलाही सांगायला आला होता. तूच दार उघडलं नाहीस.”

थियाला ती संध्याकाळ लख्ख आठवली आणि अंगाचा नुसता भडका उडाला. असा विश्वासघात तिनं वैऱ्याकडूनही सोसला नसता.

“मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले होते, काका. उठले होते मी उघडायला. तू म्हणालास, बस, पिऊन आला असेल.”

 डेस हळूच म्हणाला, “शनिवार होऊन जाऊ दे गं. मग काय बोलायचं ते बोल.”

तिनं त्याचा दंड धरून त्याला उभा केला. “चल वर. मंडळी आहेत तोवर. तू सांगतोस की मी सांगू?”

काठाची चढण त्याला एकट्याला झेपत नसे. रोज तीच चढवायची. मध्ये दम लागून तो थांबला, तेव्हा तीही थांबली. दंड मात्र तिनं सोडला नाही.