माणेकजींची सफरचंदं

सुरतेतल्या कतारगामच्या आमच्या घरामागे सफरचंदाची चार झाडं होती, हे आता सांगितलं तर नातवंडं हसतात. यजमानांच्या बँकेतले माणेकजी साहेब निवृत्त होऊन विलायतेला मुलाकडे गेले, तेव्हा जाताना त्यांनी चार कलमं दिली. ही खास सायडरची जात, एवढंच म्हणाले.

चार वर्षं यजमानांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पानं भरघोस, फूल मात्र एक नाही.

एकाहत्तरच्या दिवाळीत सासूबाईंनी अक्षय तृतीयेची मुदत घालून बजावलं, "मुकुंदा, आखाजीपर्यंत फळ दिसलं नाही तर उपटून टाकीन. मला शेवगा लावायचाय."

यजमान दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेजारच्या भागीरथीबाई खानदेशातल्या, त्यांचे मालक कापडाच्या लूमवर होते. कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "भाऊ, पानी तोडा. पोट भरेल झाड कसाले फय दी?"

पोट भरलेलं झाड फळ कशाला देईल, गावाकडे पेरूचा बहार असाच पाणी तोडून धरतात म्हणे. यजमानांचा जीव होईना. शेवटी मी बादलीच लपवली. महिनाभर ताण दिला, मग भागीरथीबाईंनी आणि मी उरलेली पानं हातांनी ओरबाडून काढली. यजमान घरात पाठ फिरवून बसले होते. नंतर पाणी सोडलं आणि संक्रांतीला फांद्यांवर गुलाबी कळ्या.

आखाजीला सतरा फळं उतरली, लिंबाएवढी. सासूबाईंनी पहिलं देवापुढे ठेवलं, मग चावा घेतला. तोंड असं वाकडं झालं की भागीरथीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"हे कसलं सफरचंद रे? तुरटीचा खडा आहे."

यजमान जमिनीकडे बघत म्हणाले, "आई, ही खायची नसतात. तिकडे यांचं मद्य करतात."

"आणि हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"हो."

"दारूबंदीच्या राज्यात, माझ्या तुळशीशेजारी," सासूबाई म्हणाल्या. मी फावड्याकडे बघितलं. त्यांनी मात्र त्याच फळाची एक फोड कापून मीठ-तिखट लावून तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"विजया, कैरीचा मसाला उरलाय ना?"

उरलेल्या सफरचंदांचं लोणचं घातलं, ते मुरायच्या आतच संपलं. अर्धी बरणी भागीरथीबाईंकडे गेली.

पुढच्या दिवाळीत यजमान पहाटे बादली घेऊन मागे गेले, तर सासूबाई झाडाशी खुर्ची टाकून बसलेल्या.

"ठेव ती बादली," त्या म्हणाल्या. "महिनाभर इकडे फिरकायचं नाही."